तीन किलोंचा जीव

दिवाणखान्यातल्या सोफ्याची बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट उंच असते. छोट्या जातीचा पॉमेरेनियन खांद्याशी जेमतेम सात-आठ इंच भरतो. दारावरची बेल वाजली आणि तो सोफ्यावरून झेपावला, की आपल्या उंचीच्या दुपटीहून जास्त अंतर तो खाली येतो. साडेपाच फुटी माणसाने पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली उडी टाकावी, तसा हा प्रकार आहे. दिवसातून दहादा तो ही उडी मारतो आणि बहुतेक वेळा काही होत नाही. एखाद्या दिवशी मात्र पुढचा पाय गुळगुळीत लादीवर वाकडा टेकतो, कुत्रा किंचाळतो आणि पाय उचलून तीन पायांवर उभा राहतो.

लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये पुढच्या पायाचे हाड मनगटाच्या जरा वर मोडणे हा पशुवैद्यांच्या चांगल्या ओळखीचा अपघात आहे. तिथले हाड काही मिलिमीटर जाडीचे, भोवती मांस जवळजवळ नाही आणि मोठ्या जातींच्या मानाने रक्तपुरवठाही तोकडा. त्यामुळे नुसते प्लास्टर घालून भागत नाही. हाड जुळायला फार वेळ लागतो, वाकडे जुळते किंवा जुळतच नाही. बहुतेकदा शस्त्रक्रिया करून बारीक धातूची पट्टी बसवावी लागते. हे सगळे टाळायला सोफ्याशेजारी एक बुटकी पायरी आणि खाली जाड सतरंजी पुरते. घरभर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतील, तर कुत्र्याच्या रोजच्या वाटेवर तरी जाजम किंवा रबरी चटई हवीच. नखे वाढली आणि पंजाच्या गाद्यांमधले केस लांबले, की लादीवर पकड राहत नाही. म्हणून ती वेळच्या वेळी कापणे हा साजशृंगाराचा भाग नाही, सुरक्षिततेचा आहे.

लहान कुत्र्याच्या बाबतीत जवळपास प्रत्येक प्रश्न शेवटी वजनापाशी येऊन थांबतो. वजन कमी असले की चुकीला वाव कमी राहतो. तीस किलोंच्या लॅब्राडोरच्या अंगावर जे निभावून जाते, ते तीन किलोंच्या जिवाला पेलवत नाही. शहरातल्या मराठी घरांत आज असे छोटे जीव मोठ्या संख्येने राहतात. फ्लॅट लहान, माणसे दिवसभर बाहेर, सोसायटीचे नियम कडक, तेव्हा छोटे कुत्रे सोयीचे वाटते. सिनेमा-जाहिरातींनीही हातभार लावला. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला पांढराशुभ्र टफी आणि २००३ च्या हच मोबाइलच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग यांनी घराघरांतल्या मुलांना वेड लावले. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पॉम’ म्हणतात, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. खऱ्या पॉमेरेनियनपेक्षा थोराड आणि आपल्या हवेला सरावलेला. त्याच्या जोडीला शित्झू, लासा ॲप्सो, डॅशहंड, चिवावा आणि पग. यांतला प्रत्येक वेगळा, प्रत्येकाचे दुखणे वेगळे.

हा लहानपणा आला कुठून? २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये शरीराच्या वाढीशी निगडित अशा एका जनुकाचे ठरावीक रूप जवळजवळ सर्वत्र आढळते. २०२२ मध्ये त्याचा माग सायबेरियातल्या सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यापर्यंत जाऊन पोहोचला. म्हणजे लहान होण्याची शक्यता निसर्गात आधीपासून होती, माणसाने ती निवडून वाढवली. पॉमेरेनियन एकेकाळी बराच मोठा कुत्रा होता. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आपल्यासोबत छोट्या चणीचे पॉम नेले आणि त्यानंतर लहानात लहान पॉम पैदा करण्याची इंग्लंडमध्ये चढाओढच लागली. जबडा, श्वासनलिका, गुडघा हे सारे त्या चढाओढीत आक्रसत गेले आणि त्याची किंमत कुत्रे अजून मोजत आहेत.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू, कारण घरातला सर्वांत मोठा धोका तिथे आहे. डार्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण पाच मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते. दर किलो वजनामागे वीस मिलिग्रॅमच्या आसपास थिओब्रोमिन पोटात गेले, की कुत्र्याला उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. प्रमाण वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. तीस किलोंच्या कुत्र्याला तो पहिला टप्पा गाठायला सव्वाशे ग्रॅमचा अख्खा बार लागेल. तीन किलोंच्या कुत्र्याला बारा ग्रॅम, म्हणजे दोन छोट्या वड्या पुरतात. कांद्याचेही तेच. एक मध्यम कांदा चिवावाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला पुरेसा असतो. तो कच्चा असो, पोह्यांत परतलेला असो, की रश्श्यात शिजलेला असो, फरक पडत नाही. लसूणही त्याच कुळातली.

द्राक्षांचा धोका आपल्याकडे अजून पुरेसा माहीत नाही. नाशिकची द्राक्षे आणि तासगावचा बेदाणा ज्या राज्याचा अभिमान आहे, तिथल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घराने हे लक्षात ठेवायला हवे, की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकतात. त्यातले टार्टारिक आम्ल त्याला कारणीभूत असावे, असे अलीकडचे संशोधन सांगते. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते. म्हणजे शिऱ्यातला बेदाणा, श्रीखंडावरची सजावट, गणपतीत आरतीनंतर हातावर पडणारी खिरापत, त्यातली खिसमिस आणि चिंच-गुळाची आमटी, सगळे कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवायचे. प्रसाद आहे म्हणून त्यालाही चिमूटभर, हा प्रेमाचा भाग खराच, पण ते प्रेम त्याच्या जिवावर बेतू शकते. शुगर-फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल, तर एक-दोन गोळ्यांनीही लहान कुत्र्याची रक्तातली साखर काही मिनिटांत कोसळते.

औषधांचा हिशोब तर आणखी कठोर आहे. अंगदुखीवर माणसे घेतात ती ४०० मिलिग्रॅमची एक आयबुप्रोफेनची गोळी चार किलोंच्या कुत्र्याच्या पोटात गेली, की दर किलोला शंभर मिलिग्रॅम मात्रा झाली. जठरात व्रण आणि रक्तस्राव व्हायला ती पुरते. तापाची ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल तीन किलोंच्या कुत्र्याच्या यकृताला घातक ठरू शकते. ‘कालपासून लंगडतोय म्हणून अर्धी गोळी दिली’ हे वाक्य ऐकून पशुवैद्य धास्तावतात ते याच कारणाने. आजी-आजोबांच्या उशाशी ठेवलेला गोळ्यांचा डबा कुत्रा चढू शकणार नाही अशा जागी हवा.

रोजच्या खाण्याचे गणितही एकदा मांडून पाहावे. तीन किलोंच्या, घरातच वावरणाऱ्या कुत्र्याला दिवसाकाठी दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. तेल-तूप लावलेली एक पोळी सुमारे शंभर कॅलरींची. म्हणजे सकाळची एक दूध-पोळी त्याच्या जवळपास अर्ध्या दिवसाचे खाणे असते. वर घरातल्या पाच जणांनी प्रत्येकी एकेक ग्लुकोज बिस्कीट दिले, की आणखी शंभर कॅलरी गेल्या. कुत्रा ‘गुबगुबीत’ दिसू लागतो आणि सगळे कौतुक करतात. पण ते वाढलेले वजन त्याच्या गुडघ्यांवर, पाठीवर आणि श्वासनलिकेवर बसते. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर पोळी निम्मी करावी. सणासुदीला तुपात भिजलेली पुरणपोळी किंवा करंजीचा तुकडाही नको. तेलकट-तुपकट खाण्याने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, पोटात असह्य दुखते आणि त्यातून जीवही जाऊ शकतो.

पिल्लांच्या बाबतीत धोका उलट बाजूने येतो. दोन-तीन महिन्यांच्या चिवावा किंवा यॉर्कशायर टेरियरच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. एक-दोन वेळचे खाणे चुकले, थंडी वाजली किंवा जुलाब झाले, की त्याची साखर घसरते. पिल्लू सुस्तावते, झोकांड्या खाते, थरथरते. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि तडक डॉक्टरांकडे न्यावे. पिल्लू बेशुद्ध असेल, तर तोंडात पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. या वयाच्या पिल्लाला दर तीन-चार तासांनी थोडे थोडे खायला देणे हाच साधा उपाय आहे. दिवसभर कुलूपबंद घरात असे पिल्लू एकटे ठेवणे म्हणजे जुगार.

गळ्यातला पट्टा ही आपल्याकडची जुनी सवय. लहान कुत्र्यांच्या श्वासनलिकेतल्या कुर्चेच्या कड्या काही जातींत पुढे पुढे मऊ पडतात आणि नलिका चपटी होते. पॉम, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल या जाती यात पुढे. साखळीला हिसका बसला, उत्साहाच्या भरात कुत्रा भुंकला, की कोरडा, कर्कश, बदकासारखा खोकला येतो. ‘घशात काही अडकलंय’ असे समजून माणसे घरच्या घरी उपाय करत बसतात. अशा कुत्र्याला गळपट्टा नको, छातीवर बसणारा हार्नेस हवा. घरात सिगारेट आणि डास पळवणाऱ्या धूरकांड्याही नकोत. वजन आटोक्यात ठेवले तर पुष्कळांचे वर्षानुवर्षे बरे चालते.

चालता चालता मागचा एक पाय दोन-चार पावले उचलायचा, लंगडी घालायची आणि मग जणू काही घडलेच नाही अशा थाटात धावायला लागायचे. घरच्यांना ही गंमत वाटते. बहुतेकदा ती गुडघ्याची वाटी जागेवरून सरकल्याची खूण असते. हे दुखणे पहिल्या, सौम्य श्रेणीत असेल तर वजन आणि उड्या सांभाळून भागते, चौथ्या, सर्वांत गंभीर श्रेणीत शस्त्रक्रियेशिवाय मार्ग नसतो. डॅशहंडची गोष्ट गुडघ्याची नाही, पाठीची आहे. त्याचे पाय आखूड करणाऱ्या जनुकीय बदलांबरोबरच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होण्याचा वारसाही येतो. दर चार-पाच डॅशहंडांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी पाठीचा त्रास होतो. चकती फुटून मज्जारज्जूवर दाब आला, तर मागचे पाय काही तासांत लुळे पडू शकतात. ‘उद्या बघू’ म्हणण्याची ती वेळ नसते. डॅशहंडला उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्यांखाली, पाठ आडवी राहील असे उचलावे. पुढचे दोन पाय धरून कोणतेही कुत्रे कधीच उचलू नये, आणि हे घरातल्या मुलांना हात धरून शिकवावे. मुलाने जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि कुत्र्याला मांडीवर घ्यायचे, हा नियम दोघांनाही जपतो.

पगबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. त्याचा घोरण्याचा आवाज गोड वाटतो, पण तो श्वास अडल्याचा आवाज आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगना श्वासमार्गाच्या अडथळ्याचा विकार होण्याची शक्यता सुमारे ५४ पट आढळली. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून अंग थंड ठेवतो. ज्याला धड धापही टाकता येत नाही, त्याने नागपूर-चंद्रपूरचा मे महिना कसा काढायचा? पगला उन्हाळ्यात पहाटे आणि रात्रीच बाहेर न्यावे, आणि बंद गाडीत पाच मिनिटेही सोडू नये. लहान कुत्र्याचे पोट रस्त्यापासून काही इंचांवर असते, त्यामुळे तापलेल्या डांबराची धग त्याला माणसाहून कितीतरी जास्त लागते. कुत्रा उन्हाने कोसळला तर आधी जागच्या जागी अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. पगच्या बाहेर आलेल्या डोळ्यांचेही भान हवे. भांडणात किंवा मान आवळली गेल्यास डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. त्यावर ओले स्वच्छ फडके धरून त्याच क्षणी निघावे.

आता घराबाहेर. सोसायटीच्या लिफ्टमध्ये माणूस आत आणि कुत्रा दाराबाहेर, मध्ये साखळी आणि दार बंद, असे अपघात घडले आहेत. लिफ्टमध्ये शिरताना लहान कुत्रा कडेवरच हवा. गॅलरीच्या गजांमधून मांजर जाते तसे तीन किलोंचे कुत्रेही जाते, तेव्हा जाळी लावायलाच हवी. घरात झोपाळा असेल तर त्याखाली कुत्रा झोपलेला नाही ना, हे बसण्यापूर्वी बघावे. पुण्यात स्कूटरच्या फूटबोर्डवर कुत्रा उभा करून नेण्याची पद्धत आहे. एका जोरदार ब्रेकसरशी तो चाकाखाली जाऊ शकतो. पाठीवरची बंद पिशवी किंवा पेटी घ्यावी, कारमध्येही मांडीवर न घेता मागच्या सीटवर पेटीतच बसवावे.

भटक्या कुत्र्यांबद्दल घरोघरी भीती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. मोठे कुत्रे लहानग्याला तोंडात धरून झटकते. बाहेरून दाताच्या दोन बारीक खुणा दिसतात, रक्तही फारसे येत नाही. आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते, स्नायू फाटलेले असतात, कधी बरगडी मोडून फुफ्फुसाला छेद गेलेला असतो. त्यामुळे जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी एक्स-रे काढून तपासणी व्हायला हवी. रेबीजची लस आधी दिलेली असली, तरी चाव्यानंतर पुन्हा डोस द्यावे लागतात. सोडवताना माणसाला दात लागला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्यानेही लस घ्यायलाच हवी. टोळी लांबून दिसताच, भुंकाभुंकी सुरू होण्याआधी, शांतपणे कुत्र्याला उचलून वाट बदलावी. पळू नये. गल्लीतली कुत्री आपापल्या हद्दीत राहत असतात, सैल सोडलेला आणि त्यांच्यावर धावून जाणारा पॉम भांडण ओढवून घेतो.

जुन्नर, अकोले, संगमनेर किंवा मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना आणखी एका शेजाऱ्याचा विचार करावा लागतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशोबाने त्यातला सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. या भागात लहान कुत्रा रात्री ओसरीवर बांधून ठेवणे म्हणजे त्याला पळायची संधीही न देणे. तिन्हीसांजेनंतर तो दाराच्या आतच हवा.

दातांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जर्मन शेफर्डला ४२ दात असतात आणि चिवावालाही ४२च. इवल्याशा जबड्यात ते एकमेकांना खेटून उगवतात, कधी दुधाचे दात पडतच नाहीत, फटींत अन्न साचते आणि कमी वयात हिरड्या सडू लागतात. कुत्र्यांसाठीची पेस्ट आणि मऊ ब्रश घेऊन आठवड्यातून काही दिवस तरी दात घासावेत. माणसांची पेस्ट वापरू नये. लशीबाबत एक गैरसमज घट्ट आहे, की छोट्या कुत्र्याला अर्धा डोस पुरतो. तसे नाही, डोस पूर्णच लागतो. २००५ मध्ये अमेरिकेत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लशीनंतर रिॲक्शन येण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते, पण ते लहान कुत्र्यांत आणि एकाच वेळी अनेक लशी दिलेल्यांत जास्त होते. म्हणून डॉक्टरांशी बोलून लशी वेगवेगळ्या दिवशी घ्याव्यात आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत हृदयाची झडप झिजते. झोपेत तो मिनिटाला किती श्वास घेतो हे अधूनमधून मोजावे. आकडा सतत तिसाच्या वर राहू लागला तर तपासणी लांबवू नये. वेळेत औषध सुरू झाले, तर आयुष्य वाढते.

स्वभावाबद्दलही एक गोष्ट. लहान कुत्री चिडकी असतात, असे म्हटले जाते. २०१० मध्ये ऑस्ट्रियात झालेल्या एका अभ्यासात दिसले, की लहान कुत्र्यांचे मालक शिस्तीत सातत्य कमी ठेवतात, कुत्र्यासोबत शिक्षण आणि खेळ कमी करतात. मोठा कुत्रा गुरगुरला तर लोक थांबतात, छोटा गुरगुरला तर हसतात आणि पुन्हा उचलतात. त्याने ओठ चाटले, तोंड फिरवले, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला, ते कुणी पाहिलेच नाही, तर शेवटी चावण्याखेरीज त्याच्या हाती काय उरते?

विकत घेण्याआधी ‘टीकप’ या शब्दापासून सावध राहावे. अशी कोणतीही मान्य जात नाही. अशक्त, अवेळी आईपासून तोडलेली किंवा मुद्दाम खुरटी पैदा केलेली पिल्ले या नावाने चढ्या भावात विकली जातात. केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद मागावा, पिल्लाची आई दाखवायला सांगावी. दोन्हींपैकी एकाला नकार आला तर परत फिरावे. लहान कुत्री जास्त जगतात हे सर्वसाधारणपणे खरे. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या पाच लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींत मिनिएचर डॅशहंडचे सरासरी आयुष्य १४ वर्षे, तर चपट्या नाकाच्या फ्रेंच बुलडॉगचे ९.८ वर्षे निघाले. घेताना नाकाची लांबीही पाहावी.

आज रात्री एक काम करावे. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने. फरक किलोंमध्ये कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावा आणि त्याखाली रात्रीही सुरू असणाऱ्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर लिहावा. फोनवर डॉक्टर पहिला प्रश्न वजनाचाच विचारतात.